‘टेक’ची यादी

आमच्या घरात ‘घे’ हा शब्द तीनदा म्हणायची रीत होती. पहिल्यांदा म्हटलेलं खरं धरायचं नाही. दुसऱ्यांदा म्हटल्यावर पदराला हात पुसत ‘नगं, पोट भरलंय’ म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर, तेही ‘बरं, तुमी एवढं म्हनताय तर’ अशी उपकाराची भाषा करत, ताट पुढे सरकवायचं. हे मला कुणी पाटीवर लिहून शिकवलं नाही. पाहुण्यांकडे गेल्यावर मी पहिल्याच बोलीला हात पुढे केला की आई मागून दंडाला चिमटा काढायची आणि परतताना वाटभर ऐकवायची, “हावऱ्यावानी काय घेतलंस गं? मानसं म्हनतील, हिला घरी खायाला घालत न्हाईत.” चिमट्यांचे वळ दोन दिवसांत गेले, पण शिकवण हाडात जाऊन बसली. तिच्यापायी माझं पुढचं सगळं आयुष्य एका दुपारी हातातून निसटता निसटता राहिलं. आता गुडघे बोलायला लागलेत, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, म्हणून म्हटलं, ती दुपार एकदा लिहून काढावी.

आमचं घर माणवरून घोटवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. पुढे भातखाचरं, मागे डोंगर. खाचराच्या बांधावर उभं राहिलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसायच्या, आणि उन्हं कलली की त्या काचांची तिरीप थेट आमच्या ओट्यावर यायची. आई त्या उजेडात तांदूळ निवडायची. “कंपनीनं आपल्याला येवढं तरी दिलं,” असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. बोलायला कमी, पण बोलले की शेवटचं. कंपन्या आल्यावर आजूबाजूच्यांनी जमिनी विकल्या, गाड्या घेतल्या. आबांनी खाचरं ठेवली आणि रिकाम्या गोठ्याच्या जागी पत्र्याच्या चार खोल्या बांधल्या, भाड्यानं द्यायला. त्यानंतर घराचा आवाजच बदलला. आधी सकाळी कासंडीत दुधाची धार वाजायची. आता कंपनीची कॅब फाटकापाशी येऊन हॉर्न मारायची आणि चारी खोल्यांची दारं एकामागून एक आपटायची. आमचं कुत्रं पहिले सहा महिने त्या हॉर्नवर भुंकलं, मग कंटाळलं.

मी बारावी होऊन घरी बसले होते. दादाचं लग्न ठरत होतं, त्यामागून माझा नंबर हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही, आणि न विचारता सांगायची आमच्यात पद्धत नव्हती. पण रोज सकाळी माझ्याच वयाच्या मुली पाठीला सॅक लावून त्या कॅबमध्ये चढायच्या आणि मी हातात झाडू घेऊन बघायचे. राग यायचा. त्यांचा नाही, झाडूचा.

तिसऱ्या खोलीत शिल्पाताई राहायला आली. यवतमाळकडची, अंगानं बारीक, आवाजानं दणकट. एका कंपनीत फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवायचं तिचं काम. पहिल्याच संध्याकाळी मी सामान लावायला मदत केली तेव्हा तिनं स्टोव्हवर दोघींसाठी चहा टाकला. “चहा घेतेस ना?” मी रीतीप्रमाणे म्हटलं, “नको, आत्ताच झाला.” तिनं मान डोलावली आणि दोन्ही कप स्वतःच प्यायली. मी बघतच राहिले. तिला माझं तोंड दिसलं असावं. “काहून पाहून राहिली? तूच तं नको म्हणाली.” मी चाचरत आमची रीत सांगितली. ती खो खो हसली. “आमच्याकडंबी आग्रह असते ना बाप्पा. पण मी सात वर्षं होस्टेलात काढली. तिथं एकदा नको म्हटलं, का पोयी दुसऱ्याच्या ताटात.” दुसऱ्या दिवशी आईनं तिला गरम भाकरी आणि कुर्डूची भाजी दिली, तर तिनं ‘आणा’ म्हणून एका शब्दात घेतली. आई घरात येऊन म्हणाली, “पोरगी चांगली हाय, पन वळन न्हाई.” आणि तरी रोज तिच्यासाठी एक भाकरी जास्त थापायची. मी तेव्हाच शहाणं व्हायचं, पण दुसऱ्याच्या वळणाला हसणं सोपं असतं आणि आपलं दिसत नाही.

मला इंग्रजी शिकव म्हणून मी तिच्या मागे लागले. दुकानातून जाडजूड शब्दकोश आणायची माझी तयारी होती. ती म्हणाली, “हजार शब्द पाठ करशील आन हजार इसरशील. एक क्रियापद धर आन त्याच्या घरी मुक्कामाला जा.” तिनं दिलेलं क्रियापद ‘टेक’. सोपं वाटलं. टेक म्हणजे घेणे, शाळेतच शिकले होते. “लिही मग,” ती म्हणाली, आणि मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलं. रोज संध्याकाळी ती एकेक वाक्य सांगायची, मी लिहायचे, आणि भाकरी थापताना मोठ्यानं घोकायचे. टेक अ सीट, म्हणजे बसा. टेक अ बस, म्हणजे बसनं जा. टेक युअर टाइम, सावकाश होऊ दे. इट टेक्स टू अवर्स, दोन तास लागतात. हे वाक्य हिंजवडीच्या चौकासाठीच केलंय असं शिल्पाताई म्हणायची. परीक्षा टेक करतात, फोटो टेक करतात, सुट्टी टेक करतात. एखादी गोष्ट ‘टेक प्लेस’ करते म्हणजे घडते. मुलगी बापावर जाते त्यालाही टेकच, टेक आफ्टर.

घरात त्या यादीचा खेळच झाला. आई भाकरीला पाणी लावता लावता म्हणायची, “येवढंच व्हय? आपलं घ्यानं काय कमी हाय?” आणि सुरू व्हायची. पदर घेतला, देवाचं नाव घेतलं, मनावर घेतलं, डोक्यावर घेतलं, रान विकत घेतलं, कानोसा घेतला, नवऱ्याचं नाव घेतलं. आईची शाळा दुसरीपर्यंत, पण ती बोलायला लागली की शिल्पाताई वही आणून लिहून घ्यायची. एकदा ‘टेक ऑफ’ आलं. बूट टेक ऑफ म्हणजे काढून ठेवायचे, आणि विमान टेक ऑफ म्हणजे उडालं. ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या आबांनी ते ऐकलं. “घ्या म्हनायचं आन काढून ठेवायचं? तरीच ती गोरी मानसं दीडशे वर्सं हितनं हालली न्हाईत.” यादीत एकोणिसाव्या ओळीला ‘टेक बॅक’ होतं. दिलेलं परत घेणे, बोललेलं मागे घेणे. त्यावर आईनं तोंड वाकडं केलं होतं. “बोललेलं मागं कुटं घेता येतंय? थुकलेलं चाटायचं व्हय?”

भात निसवायला लागलं, खाचरातून तो गोडूस वास घरात यायला लागला, तेव्हा शिल्पाताईनं बातमी आणली. तिच्या शेजारच्या इमारतीत गाड्यांचं काम बघणाऱ्या ऑफिसात दोन जागा होत्या. एक ट्रान्सपोर्ट डेस्कवर, म्हणजे कॅबवाल्यांचे आणि कंपनीतल्या लोकांचे फोन घेऊन कुठली गाडी कुणाकडे जाईल ते ठरवायचं. दुसरी पॅन्ट्रीत, चहा करून द्यायची आणि कपबश्या धुवायची. त्या रात्री जेवताना मी आबांना सांगितलं. जेवायला चिंबोऱ्यांचा रस्सा होता. बांधातल्या बिळातून दादानं पकडलेल्या. आमच्याकडे चिंबोऱ्याही रीतीनंच वाढल्या जायच्या. मोठी नांगी आबांना, दुसरी दादाला, आणि बायकांच्या ताटात पाय आणि रस्सा. आई म्हणायची तिला पायच आवडतात. आबांनी नांगी फोडली, आतलं मांस चोखलं आणि म्हणाले, “येकदा जा. खुर्चीवरचं काम भेटलं तर कर. लोकांच्या उष्ट्या कपबशा धुवायला माझी पोरगी जानार न्हाई. आन न्हाई जमलं, तर दिवाळीनंतर स्थळं बगायची. मग रडायचं न्हाई.” मी म्हटलं, न्हाई रडनार.

रडायचं नाही एवढंच मी ठरवलं नव्हतं. डेस्क मिळवायचंच हे ठरवलं होतं. पुढचे आठ दिवस मी यादी झोपेतही म्हणत होते. शिल्पाताईनं तिचा निळा कुडता दिला, आणि गुरुवारी दुपारी आबांनी मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. फाटकाबाहेर एका करंजाच्या झाडाखाली, जिथं कॅबवाले थांबायचे, तिथं स्कूटर लावली आणि म्हणाले, “जा. मी हाय हितं.”

मुलाखत घेणारे साहेब केरळकडचे, वर्गीस नावाचे. जाडी मिशी, हळू आवाज. मराठी त्यांना अजिबात येत नव्हतं, हिंदी जेमतेम. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. त्यांचं इंग्रजी मला कळलं नाही असं झालं नाही. प्रत्येक शब्द कळला. ते म्हणाले, प्लीज टेक अ सीट, आणि मला यादीतली पहिली ओळ दिसली. तरी मी म्हटलं, “नो सर, थँक यू,” आणि उभीच राहिले. त्यांनी खांदे उडवले. चहा घेणार का विचारलं. “नो सर.” मग त्यांनी रस्त्यांचं विचारलं. माणचा चौक बंद पडला तर घोटवड्याकडची गाडी कुठून आणशील? मी कुठल्या वस्तीतून कच्चा रस्ता जातो, पावसात तो कुठे बसतो, कुठल्या वळणावर म्हशी आडव्या येतात, सगळं सांगितलं. मोडकं इंग्रजी, पण न अडखळता. साहेब कौतुकानं लिहून घेत होते. दहा मिनिटांनी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसून विचारलं, “विल यू टेक द ट्रान्सपोर्ट डेस्क?”

ज्याच्यासाठी आठ दिवस झोपेतही घोकलं होतं ते समोर ठेवलं होतं. आणि माझ्या तोंडून, आईचा चिमटा दंडाला बसावा तसं, आपोआप आलं, “नो सर. एनी वर्क इज ओके, सर.”

त्यांच्या भुवया वर गेल्या. “आर यू शुअर?”

हे दुसरं विचारणं झालं. दुसऱ्यालाही नकोच म्हणायचं असतं. “यस सर. एनी वर्क.” आणि मी मान खाली घालून, मनातून अगदी खूश होऊन, तिसऱ्याची वाट बघत उभी राहिले. तिसरं आलं नाही. साहेबांनी फाइल मिटली, एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून माझ्या हातात दिली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पॅन्ट्री, सोमवारपासून.

जिना उतरताना मला अजूनही वाटत होतं की मागून हाक येईल. गेटवर पास परत केला, बाहेर आले. करंजाखाली आबा स्कूटरला टेकून उभे होते. एका कॅबवाल्यानं टपरीवरून कटिंग आणले होते. “घ्या मामा.” आबा म्हणाले, “नगं रं, आत्ताच झाला.” “घ्या हो, थंडा व्हतोय.” “नगं नगं, तू घे.” “आवो, घ्या की मामा!” “बरं, तू येवढं म्हनतोस तर,” असं म्हणत आबांनी ग्लास घेतला आणि पहिल्याच घोटाला अर्धा संपवला. सकाळपासून त्यांच्या पोटात चहा नव्हता, हे मला माहीत होतं.

माझे पाय तिथेच थांबले. मी वर जाऊन नेमकं काय करून आले ते माझ्यासमोर, आबांच्या हातातल्या त्या ग्लासात दिसत होतं. पहिल्यांदा हसू आलं, मग एवढा संताप आला की कानशिलं तापली. साहेबांचा नाही, आईचाही नाही. भुकेल्या माणसाला नको म्हणायला लावणाऱ्या त्या शहाणपणाचा. आबांनी मला बघून विचारलं, “काय झालं? खुर्ची का कपबशी?” त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. चिठ्ठी हातात मुडपून मी म्हटलं, “आबा, माजं एक काम राहिलंय. येते.”

गेटवरचा वॉचमन म्हणाला, पास जमा झाला, आता जाता येणार नाही. मी म्हटलं, “मग दुसरा फाडा.” असा आवाज माझ्या तोंडून त्याआधी निघाला नव्हता. त्यानं फाडला. वर साहेबांच्या दाराबाहेर मी उभी राहिले. आत दुसरी मुलगी होती, आणि तिला डेस्क दिलं तर? दार उघडून ती बाहेर आली तशी मी न विचारता आत गेले. न सांगता खुर्ची ओढली आणि बसले. मग म्हटलं, “सर, आय टेक बॅक माय नो.”

मी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं की आमच्या घरी पहिला ‘नो’ मॅनर्सचा असतो, दुसराही. “और तीसरा?” त्यांनी विचारलं. “तीसरे को यस बोलते हैं, सर. आपने तीसरी बार पूछा नहीं.” ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, डेस्कवर ड्रायव्हर तुला एकदाच विचारेल. तू नो म्हणालीस की तो गाडी वळवून जाईल, आणि एक मुलगी रस्त्यावर उभी राहील. मग मी काय करू? ते बरोबरच होतं. मी म्हटलं, “डेस्क पे एक, सर. तीन घर पे. आस्क मी वन मोर टाइम.”

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. “टी?”

“यस सर.”

“द डेस्क?”

“यस सर.”

त्यांनी माझ्या हातातून मुडपलेली चिठ्ठी घेतली आणि पॅन्ट्रीवर रेघ मारली. चहा आला, सोबत दोन बिस्किटं. मी दोन्ही खाल्ली आणि चहा बशीत न ओतता, सावकाश, तळापर्यंत प्यायले. पुढे त्याच टेबलावर मी कितीतरी वर्षं काढली. नंतर तीन इमारतींच्या गाड्या माझ्या हाताखाली होत्या. पण ज्या चहानं जिभेला चटका बसला आणि तरी जो खाली ठेवला नाही, असा तो एकच.

खाली आल्यावर आबा म्हणाले, “येवढा येळ?”

“चहा घेतला.”

“लगीच?”

“इचारला तवाच.”

आबांनी स्कूटरला किक मारली. माणचा चौक ओलांडल्यावर, मागे न बघता, वाऱ्यात विचारलं, “आन खुर्ची?” मी म्हटलं, “ती बी.” घरी आल्यावर त्यांनी दादाला बांधावर चिंबोऱ्या धरायला पाठवलं, आणि संध्याकाळी शिल्पाताईलाही जेवायला बोलावलं.

पुरुषांची ताटं झाल्यावर आम्ही तिघी बसलो. आबांनी त्या दिवशी एक मोठी नांगी खाल्ली नव्हती. “रंजीला दे,” एवढंच सांगून उठले होते. आई ती माझ्या ताटात घालायला लागली तर मी तिचा हात धरला आणि नांगी तिच्याच ताटात ठेवली.

“नगं गं. मला पायच आवडत्यात.”

शिल्पाताई खाली बघून भात कालवत राहिली. मी म्हटलं, “आई, मी दुसऱ्यांदा इचारनार न्हाई. घेनार का न्हाई, सांग.”

आईनं दाराकडे बघितलं. बाहेर ओट्यावर आबांची तंबाखू मळल्याची टाळी ऐकू आली. दारामागे माझी यादी लटकत होती. आईला त्यातलं एकही इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं नांगी उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि दाढेखाली धरून कडकन फोडली.

“घेते,” ती म्हणाली.